पहिला कथासंग्रह काढण्याआधी कथा कुठे आणि कशा पाठवाव्यात?

गलाईवाल्यांची_लेक (विटा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी विट्यात राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते आणि काही वर्षांपासून कथा लिहीत आहे. माझे माहेर आटपाडी तालुक्यातले. वडील आणि चुलते गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यानिमित्त आयुष्यभर परमुलखात राहिले. सोन्याचांदीची भट्टी लावायला घरातला कर्ता पुरुष तमिळनाडूत नाहीतर बिहारात, गावाकडे सासवा-सुना आणि मेंढरे, आणि वर्षाकाठी यात्रेला येऊन पुन्हा निघून जाणारा बाप, हेच जग माझ्या बहुतेक कथांत आले आहे. संवाद माणदेशी बोलीत आहेत आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे. काही कथा एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत काटछाट होऊन आल्या, तर काही मी फेसबुकवर टाकल्या आणि तिथे त्या लोकांना आवडल्या.

अलीकडे मी सगळ्या कथांचे हस्तलिखित एका प्रकाशकांकडे ईमेलने पाठवले. दोनच दिवसांत ते स्वीकारल्याचे उत्तर आले आणि त्यासोबत पाचशे प्रतींसाठी ‘निर्मिती सहयोग’ म्हणून एक रक्कमही कळवण्यात आली, जी माझ्या काही महिन्यांच्या पगाराइतकी आहे. शंभर प्रती मला मिळतील, प्रकाशन समारंभ मीच सांगलीत करायचा आणि पुढचे पुढे पाहू, असे त्यांचे म्हणणे आहे. याशिवाय व्हॉट्सअॅपवर एका ‘प्रातिनिधिक कथासंग्रहा’चे निमंत्रण आले आहे, ज्यात पानामागे पैसे भरायचे आणि कार्यक्रमाला येऊन सन्मानचिन्ह घ्यायचे. घरच्यांना वाटते की पैसे भरून का होईना, एकदाचे पुस्तक होऊन जाऊ दे. माझे मन मात्र घेत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. नव्या कथाकाराने आज कोणत्या नियतकालिकांकडे जावे आणि वर्षाच्या कोणत्या काळात जावे? नवलेखकांना शासनाकडून अनुदान मिळते असे ऐकले आहे, ते खरे आहे का? पुण्या-मुंबईत माझ्या ओळखीचे कोणी नाही. ओळखीशिवाय कथा वाचली तरी जाते का?

कृष्णाकाठ (सातारा)

ताई, मी बरीच वर्षे एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून त्यांची पहिली निवड करण्याचे काम केले आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कथा वाचली जाते. ओळखीच्या लेखकाची आधी वाचली जाते आणि अनोळखी लेखकाची नंतर, हे खरे आहे. परंतु अंकाची पाने भरायची असतात आणि नेहमीच्या नावांकडून आलेले साहित्य दरवर्षी चांगलेच असते असे नाही, त्यामुळे अनोळखी पाकिटातून चांगली कथा निघाली तर संपादकाला ती हवीच असते.

दोन दिवसांत आलेला स्वीकार हा हस्तलिखिताचा नसून तुमच्या पैशाचा आहे. जो प्रकाशक स्वतःचे भांडवल घालतो, त्याला तुमचे दीडशे-दोनशे पानांचे बाड वाचायला, दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यायला आणि मग हो-नाही करायला महिने लागतात. ते लांबणे त्रासाचे असले तरी कथा खरोखर वाचल्या जात असल्याची ती खूण असते.

मराठी कथा नियतकालिकांतूनच वाढलेली आहे आणि त्यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या वसाहतीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये तिथूनच ‘स्त्री’ सुरू झाले. व्यंकटेश माडगूळकर तर तुमच्याच आटपाडी तालुक्यातले. त्यांची माणदेशातली व्यक्तिचित्रे पुस्तकरूप घेण्याआधी ‘मौज’ साप्ताहिकातून वाचकांसमोर आली होती. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडले, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा पुन्हा लिहायला लावत, ही गोष्ट जुने लेखक अजून सांगतात. पैसे भरून काढलेल्या पुस्तकात नेमकी हीच पायरी गळते. तिथे कोणीच ‘हा शेवट पुन्हा लिहा’ असे म्हणत नाही, कारण तसे म्हटले तर पैसे भरणारा दुसरीकडे जातो.

आता आजचे. ‘साधना’ साप्ताहिक साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केले. त्याचा भर वैचारिक लेखनावर असला तरी दिवाळी अंकांकडे लक्ष ठेवावे. ‘मिळून साऱ्याजणी’ हे विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेले मासिक आहे आणि परमुलखात गेलेल्या पुरुषांच्या मागे घर चालवणाऱ्या बायकांच्या कथांना तिथे जाणता वाचक मिळेल, असे मला वाटते. ‘अनुष्टुभ’ आणि ‘मुक्त शब्द’ यांचा वाचक गंभीर साहित्याचा आहे. पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ आणि नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’ ही साहित्यसंस्थांची नियतकालिके आहेत. वाईच्या प्राज्ञपाठशाळामंडळाचे ‘नवभारत’ आपल्या भागातले म्हणून तिकडे कथा पाठवण्याचा मोह होतो, पण ते वैचारिक मासिक आहे. ‘ललित’ हे पुस्तकांविषयीचे मासिक असल्याने त्याचा उपयोग संग्रह निघाल्यावर होईल.

या नावांपैकी कोणाकडेही कथा पाठवण्यापूर्वी त्यांचे अलीकडचे अंक वाचावेत, निदान चाळावेत. वाङ्मयीन मासिके मोजक्या वर्गणीदारांच्या बळावर चालतात, त्यामुळे एखादा अंक लांबतो, दोन अंक एकत्र निघतात, पत्ता बदलतो. नगर वाचनालयात जाऊन ताज्या अंकाच्या श्रेयनामावलीतून संपादकांचा ईमेल उतरवून घेणे हे इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांपेक्षा कितीतरी भरवशाचे आहे. बरीच वाचनालये एकदाच वर्गणी घेऊन दिवाळी अंक आळीपाळीने वाचायला देतात. ती योजना घ्यावी आणि कोणत्या अंकात कसली कथा येते, ती किती पानांची असते, अनोळखी नावे दिसतात की नाहीत, हे वहीत टिपून ठेवावे.

दिवाळी अंकाची परंपरा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केली आणि आजही मराठी कथेला सर्वांत जास्त पाने तिथेच मिळतात. या अंकांची आखणी उन्हाळ्यातच सुरू होते. जून-जुलैमध्ये कथा हातात आली तर ती निवांत वाचली जाते, ऑगस्ट उजाडला की जागा भरत येते आणि गणपतीनंतर आलेली कथा चांगली असली तरी ‘पुढच्या वर्षी पाहू’ या गठ्ठ्यात जाते. मासिकांना हे वेळापत्रक लागू नाही. त्यांच्याकडे दिवाळी उरकल्यावर, डिसेंबर ते मार्च या काळात पाठवलेले बरे, कारण त्या वेळी संपादकाच्या टेबलावर गर्दी कमी असते.

निवड करताना काय पाहिले जाते, याविषयी एकच गोष्ट सांगतो. ग्रामीण कथांपैकी पुष्कळ कथा पहिल्या पानावर सुरूच होत नाहीत. दिवस मावळत असतो, गुरे परतत असतात, चुलीचा धूर असतो, मग गावाचे वर्णन येते आणि तिसऱ्या पानावर कोणीतरी काहीतरी बोलते. वाचणाऱ्याने त्या दिवशी अशी दहा गावे पाहिलेली असतात. तुमच्या विषयात तर कथा पहिल्या ओळीतच उभी राहू शकते: परमुलखातून दर महिन्याला येणारे पैसे या महिन्यात आलेले नाहीत आणि ही गोष्ट सासूला कळू द्यायची नाही. गाव आपोआप मागून येते.

अनुदानाचे म्हणाल तर ते खरे आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देते. हस्तलिखिते मागवल्याचे निवेदन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत येते, आलेली हस्तलिखिते तज्ज्ञांकडून वाचून घेतली जातात आणि निवड होते. यातली कळीची अट ही की लेखकाचे एकही पुस्तक आधी प्रसिद्ध झालेले नसावे. म्हणजे आज घाईने पैसे भरून संग्रह काढलात, तर हा दरवाजा तुम्ही स्वतःच्या हाताने लावून घेतलात. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत आणि लघुकथेसाठीचा पुरस्कार ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा आहे. पहिले पुस्तक एकदाच निघते. ते उत्तम कथांचे असावे.

खिळे_ते_युनिकोड (सांगली)

माझा सांगलीत अक्षरजुळणीचा आणि छपाईचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी फक्त माझ्या टेबलावरचे बोलतो.

कथा युनिकोडमध्येच टाइप केलेली असावी आणि ईमेलला वर्डची फाइल जोडावी. सोबत पीडीएफ दिली तर उत्तम, म्हणजे अक्षरे कशी दिसायला हवीत हे समोरच्याला कळते. पण नुसती पीडीएफ किंवा वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नयेत. आमच्याकडे अजूनही जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली येतात. त्या युनिकोडमध्ये उतरवताना सगळ्यात आधी बळी जातो तो ‘ऱ्य’. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘म्हाताऱ्या’चे ‘म्हातार्या’ होते आणि दीडशे पानांत ते हाताने शोधत बसावे लागते. मोबाइलवर बोलून टाइप करणाऱ्यांच्या फाइलीत विरामचिन्हेच नसतात, तो आणखी वेगळा ताप.

बोलीबद्दल एक सूचना आहे. मुद्रितशोधक आपले काम चोख करायला जातो आणि तुमच्या म्हातारीला शुद्ध मराठी बोलायला लावतो. यावर उपाय सोपा आहे. तुमच्या संवादांत जी रूपे वारंवार येतात त्यांचे एक पान तयार करा आणि ते फाइलीसोबत द्या. ‘न्हाई’ लिहायचे की ‘न्हाय’, ‘कुटं’ की ‘कुठं’, ‘आनी’ की ‘आणि’, हे एकदा ठरवून घ्यावे. एकच पात्र एका पानावर ‘न्हाई’ आणि पुढच्या पानावर ‘नाही’ म्हणू लागले, तर शोधकाला ती टायपिंगची चूक वाटणारच. निवेदनातही ‘केले’ आणि ‘केलं’ यांपैकी एक काहीतरी धरून चालावे. प्रमाण लेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत. १९६२ मध्ये चौदा नियम मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार आले. एवढे अठरा नियम वाचायला एक संध्याकाळ पुरते.

आता पैशांचे. पुस्तक फर्म्यावर छापले जाते. डेमी आकारात एक फर्मा म्हणजे सोळा पाने, त्यामुळे एकशे साठ पानांचा संग्रह म्हणजे दहा फर्मे. खर्च कागद, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, लॅमिनेशन आणि बांधणी असा विभागला जातो. तुम्हाला कळवलेली रक्कम या प्रत्येक बाबीखाली फोडून मागा आणि तीच मोजमापे देऊन कोणत्याही दोन छापखान्यांकडून दर घ्या. जो प्रकाशक हिशेब फोडून द्यायला कचरतो, त्याच्याविषयी काय समजायचे ते समजावे. ‘पाचशे प्रती’ या शब्दांकडेही नीट पाहा. तुम्हाला शंभर मिळणार. उरलेल्या चारशे खरोखर छापल्या जाणार आहेत का, याची खात्री करण्याचा कोणताही मार्ग तुमच्याकडे नसतो. आजकाल डिजिटल छपाईवर शंभर-दीडशे प्रती सहज निघतात.

आणखी एक, आयएसबीएन मिळवून देण्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतः प्रकाशक असला तरी अर्ज करू शकतो. आयएसबीएन असणे हा पुस्तकाच्या दर्जाचा दाखला नव्हे, तो फक्त ओळखक्रमांक आहे.

संक्रांतीचा_कवी (पलूस)

वरच्या दोघांचा अनुभव दांडगा आहे, तरीही मला थोडे वेगळे मांडायचे आहे. मासिकांचे माहात्म्य ऐकून आमच्यासारख्या पलूस-तासगावकडच्या लोकांनी किती वर्षे थांबायचे? कविता पाठवायची, सहा महिने उत्तर नाही, मग विचारले तर ‘विचाराधीन आहे’, आणि शेवटी ती छापून आली तरी गावातल्या एकाही माणसाच्या हाती तो अंक पडत नाही. मी माझा संग्रह स्वतःच्या पैशाने काढला आणि मला त्याचा पस्तावा नाही.

मात्र मी कोणा प्रकाशकाला पैसे दिले नाहीत. मीच प्रकाशक झालो, माझ्याच नावाने आयएसबीएन काढला, एका मित्राकडून कडक मुद्रितशोधन करून घेतले आणि जेवढ्या प्रती खपतील असे वाटले तेवढ्याच छापल्या. दुसऱ्याच्या नावाचे लेबल विकत घेणे वेगळे आणि आपले पुस्तक आपण काढणे वेगळे, हा फरक इथे कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. माझ्या प्रती, माझी किंमत, आणि पैसे आले तर ते माझ्या खिशात.

विक्री कुठे होते असे विचाराल, तर दुकानात जवळपास नाहीच. विक्रेत्याची सूट आणि टपालखर्च जाता हाती काही उरत नाही. आमची पुस्तके संमेलनांत खपतात. सांगली जिल्ह्यात लहान-मोठी ग्रामीण साहित्य संमेलने बरीच भरतात; औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन संक्रांतीला असते आणि तिथे कृष्णेच्या काठी बसून कविता ऐकणारा माणूस पुस्तकही घेतो. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय संमेलन झाले, त्यापूर्वी २००८ मध्ये सांगलीत ८१ वे झाले होते आणि त्याचे अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर हे सांगलीतच विलिंग्डन महाविद्यालयात शिकवत असत. मोठ्या संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात एकट्या लेखकाला गाळा परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून घ्यावा.

‘प्रातिनिधिक’ संग्रहाबद्दल मात्र माझेही मत स्पष्ट आहे. तिथे कोणी कोणाचे प्रतिनिधित्व करत नाही. ज्याने पैसे भरले त्याची कथा येते आणि ते पुस्तक त्या पन्नास लेखकांच्या नातेवाइकांपलीकडे जात नाही. सन्मानचिन्ह हवे असेल तर ते मार्केट यार्डात निम्म्या पैशांत मिळते.

गलाईवाल्यांची_लेक (विटा)

सर्वांचे मनापासून आभार. निर्मिती सहयोगाची फोड मी त्या प्रकाशकांना मागितली, तेव्हा ‘आमच्याकडे पॅकेज पद्धत आहे’ एवढेच उत्तर आले. त्यांनी कराराचा एक मसुदाही पाठवला आहे. त्यातले एक कलम मला खटकले, ते जसेच्या तसे देते: ‘सदर साहित्यकृतीचे सर्व प्रकारचे हक्क लेखकाने प्रकाशकास कायमस्वरूपी दिले असून त्याबाबत लेखकाची कोणतीही तक्रार राहणार नाही.’ पैसे मीच देणार आणि हक्कही मीच देणार, हे योग्य आहे का? दुसरे असे की फेसबुकवर टाकलेल्या कथा आता मासिकांना पाठवता येतील का, की त्या वाया गेल्या?

कागदपत्र_पाहणारा (कराड)

मी वकिली करतो. करार अशा ठिकाणी पूर्ण तपासता येत नाही, तरी या एका कलमापुरते लिहितो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कथा लिहून पूर्ण झाली त्या क्षणी तिचा कॉपीराइट लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, जरी नोंदणी केल्यास वादाच्या वेळी पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. आता ‘सर्व प्रकारचे हक्क कायमस्वरूपी’ या शब्दांचा अर्थ पाहा. तुमच्या पश्चात तुमच्या मुलांकडे जायला हवी अशी मालमत्ता तुम्ही आज पदरचे पैसे देऊन दुसऱ्याला देत आहात.

कलम १९ नुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्या लेखात असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, पण करारात वेगळे लिहिलेले असेल तर ही तरतूद कामाला येत नाही. म्हणूनच कायमस्वरूपी हा एक शब्द अशा मसुद्यात मुद्दाम घातलेला असतो. ‘तक्रार राहणार नाही’ हे वाक्य तर थेट खोडावे.

त्याऐवजी असे लिहून मागावे: ‘लेखकाने या संग्रहाच्या मराठी मुद्रित पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे हक्क या तारखेपासून तीन वर्षांसाठी दिले आहेत, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट आणि मालिका यांचे हक्क लेखकाकडे राहतील.’ यातल्या शेवटच्या भागाला लोक हसतात, कारण आपल्या कथेवर कोण चित्रपट काढणार असे त्यांना वाटते. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावच्या चारुता सागर यांच्या कथेचा आधार २००९ च्या ‘जोगवा’ या चित्रपटाला होता, हे लक्षात असू द्यावे. स्वामित्वधन (रॉयल्टी) छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर, हिशेब वर्षातून केव्हा, आणि लेखकाला प्रती कोणत्या सवलतीत मिळणार, हेही लिहिलेले असावे.

मासिकात कथा छापून येते तेव्हा बहुधा कोणताच करार होत नाही. अशा वेळी तुम्ही फक्त त्या अंकात एकदा छापण्याची परवानगी दिलेली असते. तरीही काही अंकांच्या नियमावलीत बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क अंकाकडे’ असे असते, म्हणून कथा पाठवण्यापूर्वी ते पान वाचावे.

संक्रांतीचा_कवी यांच्यासाठीही एक सूचना आहे. जो स्वतः प्रकाशक होतो त्याला १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि त्या कायद्यात सांगितलेल्या अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने, प्रकाशनानंतर तीस दिवसांत पाठवावी लागते. बरेच हौशी प्रकाशक हे करत नाहीत. पोचपावती जपून ठेवावी.

कृष्णाकाठ (सातारा)

कवीमहाशयांनी केलेला फरक मला मान्य आहे आणि कवितेच्या बाबतीत त्यांचा मार्ग मी चुकीचा म्हणणार नाही, कारण कविता ऐकवून विकता येते. दहा पानांची कथा व्यासपीठावरून वाचली तर श्रोते चहाला निघून जातात. कथेला छापील पान लागते आणि ते पान देणारा संपादक लागतो. शिवाय ताईंच्या हातात नवलेखक अनुदानाचा पर्याय अजून शिल्लक आहे. स्वतः प्रकाशक होऊन पुस्तक काढले तरी तो संपतोच.

फेसबुकचा प्रश्न नाजूक आहे. बहुतेक संपादकांच्या लेखी भिंतीवर टाकलेली संपूर्ण कथा ही पूर्वप्रकाशित असते. ती गुपचूप काढून टाकून नवी म्हणून पाठवणे योग्य नाही, कारण कोणीतरी वाचक अंक निघाल्यावर ‘ही तर आधीच वाचली होती’ असे लिहितोच आणि मग संपादकाचा विश्वास कायमचा जातो. अशा कथा संग्रहासाठी राखून ठेवाव्यात आणि मासिकांकडे न टाकलेल्या कथाच पाठवाव्यात. दैनिकाच्या पुरवणीत काटछाट होऊन आलेल्या कथा मूळ स्वरूपात संग्रहात घ्यायला काहीच हरकत नाही. इथून पुढे फेसबुकवर फार तर पहिला परिच्छेद टाकावा.

एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी. तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर विनयाने एकदा आठवण करावी आणि त्यानंतरही काही कळले नाही, तर कथा मागे घेत असल्याचे कळवून ती दुसरीकडे पाठवावी. मागे घेतल्याचे कळवणे लोक विसरतात आणि एकच कथा दोन दिवाळी अंकांत येते. त्यात दोन्ही संपादक दुखावले जातात. मानधनाविषयी आधी विचारणे गैर नाही, पण लहान वाङ्मयीन मासिके बहुधा अंकाची प्रत एवढेच देऊ शकतात, हे गृहीत धरावे.

ईमेलमध्ये लांबलचक परिचय, पुरस्कारांची यादी किंवा ‘माझी कथा आपल्याला नक्की आवडेल’ अशी वाक्ये नसावीत. मला जी पत्रे वाचायला बरी वाटत, ती साधारण अशी असत:

‘महोदय/महोदया, स. न. सोबत माझी अप्रकाशित कथा विचारार्थ पाठवत आहे. ती सुमारे अडीच हजार शब्दांची असून युनिकोडमधील वर्ड फाइल आणि पीडीएफ जोडली आहे. संवाद माणदेशी बोलीत आहेत. त्यातील रूपांची टीप शेवटी दिली आहे. ही कथा अन्यत्र पाठवलेली नाही. आपल्या गेल्या दिवाळी अंकातील कथा वाचून ती आपल्याकडे पाठवावीशी वाटली. कळावे.’

खाली नाव, टपालाचा पत्ता आणि फोन. हा मजकूर ईमेलमध्येच लिहावा, त्यासाठी तिसरी फाइल जोडू नये. फाइलीला ‘कथा फायनल नवीन’ असे नाव न देता कथेचे आणि आपले नाव द्यावे, कारण संपादकाकडे ‘कथा फायनल’ नावाच्या फाइली डझनांनी पडलेल्या असतात. फोटो आणि परिचय कथा स्वीकारल्यावर ते स्वतःच मागतात.